दौलत जॉबरचे हेडफोन

तिसरा हेडफोन कानावरून काढून दौलतने काउंटरवर ठेवला आणि मान हलवली. "याला पण धार न्हाय, अरशद. सगळं घोंगडीखालून आल्यासारखं वाटतंय. वरचा आवाजच न्हाय."

दुकानदार अरशदने तो हेडफोन उचलून आपल्या कानाला लावला आणि झटकन काढला, तापल्या तव्याला हात लागावा तसा.

दौलतची बायको रूपा दाराजवळच्या स्टुलावर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. हेडफोनमधून बाहेर सांडणारा आवाज तिला तिथपर्यंत ऐकू येत होता. पत्र्यावर खिळा ओढावा तसा बारीक, लांबलचक. तिच्या दाढा शिवशिवल्या. आणि तिचा नवरा म्हणत होता, वरचा आवाजच नाही.

"दौलतभाई, डीजेवाले हाच नेतात," अरशद म्हणाला. "अजून कुणाची तक्रार नाही आली."

"मग डीजेवाल्यांचे कान गेलेत!" दौलत मोठ्याने हसला. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. रूपाही हसली, पण नवऱ्याकडे न बघता.

शेवटी दौलतने चौथाच एक पसंत केला आणि गाडी काढायला बाहेर गेला. अरशद वायर गुंडाळत, खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, एक बोलू? रागवू नका. हेडफोन बदलून काय होणार नाही. भाईंचे कान एकदा डॉक्टरला दाखवा."

"काय झालंय त्यांच्या कानाला?" रूपा एकदम कडक आवाजात म्हणाली. तो आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"माझे अब्बा तीस वर्षं लूमवर होते. आता ते टीव्ही लावतात तर खालच्या मजल्याची माणसं वर येतात भांडायला. त्यांनीही आधी तीन टीव्ही बदलले."

रूपा पिशवी घेऊन उठली. गाडीवर दौलतच्या मागे बसताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वर्षभर जे ती मनातल्या मनात दाबत आली होती, ते आज परक्या माणसाने तोंडाने बोलून दाखवलं होतं. बोललेली गोष्ट काही पुन्हा आत ढकलता येत नाही.

दौलत काळूराम तरे मूळचा अंजूरचा. गावातल्या शेतांच्या जागी गोदामं आली, तशी माणसं रिक्षात बसून भिवंडीला कामाला यायला लागली, त्यातलाच हा एक. पण त्याआधी, सोळाव्या वर्षापासून, तो गावच्या बेंजो पार्टीत होता. आमच्याकडच्या आगरी हळदीला मांडवात बेंजो हवाच, आणि तो असा हवा की म्हाताऱ्यांचे पायसुद्धा आपसूक उठले पाहिजेत. दौलतची बोटं बेंजोच्या पट्ट्यांवर अशी पळायची की नवरा राहायचा बाजूला, लोक त्यालाच बघत बसायचे. रूपाने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका मांडवात, कोनला, तिच्या मावशीच्या दारी. "नवरा कोण आणि बेंजोवाला कोण, मला कळेचना," असं ती लेकीला, ऋतिकाला, सांगायची. त्यावर दौलत म्हणायचा, "बेंजोवालाच तुझा नवरा निघाला. तुला बरोबर कळलं होतं."

पण बेंजोवर चूल पेटत नाही. एकोणिसाव्या वर्षी तो धामणकर नाक्याच्या मागे सिराजशेठच्या कारखान्यात लागला. आधी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालवले, मग जॉबर झाला. जॉबर म्हणजे बिघडलेल्या लूमचा वैद्य. चोवीस लूम एकदम चालू असले की आत दोन माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडली तरी ऐकू जात नाही. त्या गदारोळात दौलत दारात उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि बोट दाखवायचा, "सात नंबर. ठोका बरोबर पडत न्हाय." जाऊन बघावं तर खरंच सात नंबरच्या लूमचा एखादा भाग ढिला झालेला असायचा. सिराजशेठ आल्यागेल्याला सांगायचे, "हमारा कारखाना बिजलीवर नाही चालत भाई, दौलतच्या कानावर चालतो."

ते वाक्य दौलतने उराशी धरलं. मीटर काय सांगतो, कागदावर काय लिहिलंय, याला तो कधी जुमानत नसे. कान सांगतो ते खरं, हा त्याचा धर्म.

लॉकडाऊनमध्ये लूम बंद पडले. घरात ऋतिकाच्या शाळेसाठी घेतलेला जुना लॅपटॉप होता. त्यावर कुणीतरी दिलेलं एक फुकटचं सॉफ्टवेअर दौलतने उघडून पाहिलं. आत ढोल, ताशा, कीबोर्ड, हजार तऱ्हेचे आवाज, एकावर एक थर चढवता येणारे. तीन दिवस तो जेवायला उठेना. "इकडं ये गो, रूपा! अख्खी पार्टी या डब्यात हाय. कुणाला जेवायला घालायला नको, कुणाला दारू पाजायला नको!"

लूम परत सुरू झाले तरी हा नाद सुटला नाही. शुक्रवारी कारखाना बंद असे, तो दिवस गाण्याचा. हळूहळू सामान जमत गेलं. पंचवीस पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड आला, माइक आला, माइक लॅपटॉपला जोडायची डबी आली. प्रत्येक वस्तू तो अशी पारखायचा, जशी त्याची आई बाजारात मासळी पारखायची, कल्ले उघडून. कोनचा पंढरी, जो हळदीला डीजे लावायचा, त्याने दौलतचं एक गाणं वाजवलं आणि मग मागणी यायला लागली. रूपाला त्या गाण्यांतलं काही कळत नसे. पण नवरा दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, घरात बसून वाजवतो, हे देवाचं देणंच की. संध्याकाळी दिवा लावताना ती तेवढ्याचे हात जोडायची.

मग खुणा दिसायला लागल्या.

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी तो विचारायचा, "डाळ लावलीस का?" मोबाइल खिशात वाजत राहायचा, थरथरला तरच कळायचं. रूपाने देवघरात घंटी वाजवावी आणि शेजारीच उभ्या दौलतने म्हणावं, "घंटी वाजव ना, थांबलीस कशाला?" ऋतिकाने पाठीमागून "पप्पा" म्हटलं की तो वळायचा नाही. पण पंढरीसारख्या जाड आवाजाच्या माणसाचं सगळं ऐकू यायचं. त्यामुळे घरचे पुटपुटतात असं त्याला वाटे, आणि त्याचं लक्ष नाही असं घरच्यांना.

आता ते राहत होते त्या कारखान्याच्या गल्लीत कुणाला हे कळलं नाही, कळणारही नव्हतं. तिथे सगळेच ओरडून बोलतात. बायका भाजी घेताना ओरडतात, माणसं नमस्कार करताना ओरडतात. लूमवरच्या माणसाला कमी ऐकू येणं हे तिथे दुखणं मानतच नाहीत. गुडघे झिजतात तसे कान बसतात, एवढंच.

पण रूपाने कान बसलेला माणूस घरात पाहिला होता. तिचे सासरे काळूराम, त्यांना सगळे आप्पा म्हणत, साठीपर्यंत लूमवर होते. कुणी काहीही बोललं की ते हसून म्हणायचे, "हाय हाय, बरोबर हाय." विचारलं तर चिडतात, म्हणून लोकांनी विचारणं सोडलं होतं. रूपाला तेव्हा ऋतिकाच्या वेळचे दिवस होते. सासू, सीताबाई, दवाखान्यात होती. दुपारी पुतण्या अंगणात आला आणि म्हणाला, "आप्पा, काकी गेली." आप्पांनी त्याच्याकडे बघून छान हसून मान डोलावली. "हाय हाय, बरोबर हाय." मग त्यांनी बायकांची तोंडं पाहिली. ते हसू त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं, कुठे ठेवावं ते कळत नसल्यासारखं.

ती दुपार रूपाच्या अंगातून कधी गेली नाही. आता दौलत एखाद्या बोलण्यावर उगाच हसला की तिला धस्स होई.

तरी तिने तोंडातून ब्र काढला नाही. काय सांगणार? ज्याचा कान हाच धर्म, त्याला कसं म्हणायचं की तुमचा देव उठून गेला? वज्रेश्वरीला गेली तेव्हा गाभाऱ्यासमोर उभी राहून तिने नवस बोलायचा प्रयत्न केला, आणि तिला शब्दच सुचेना. यांना कळू दे, असं मागायचं, की कळू नये, असं? नुसतं कुंकू लावून ती बाहेर आली.

अरशदच्या दुकानातून आणलेला चौथा हेडफोनही महिनाभरात "घोंगडी" झाला. मग दौलतला वाटलं, दोष सॉफ्टवेअरचा असणार. फुकटचं काढून त्याने विकतचं घेतलं. घेण्याआधी पंधरा दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघत होता, वहीत लिहून ठेवत होता, कशात काय आहे. या नव्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं वाजताना खाली एक आलेख हलायचा. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. ऋतिका दहावीत होती, तिला ते लगेच समजलं.

"पप्पा, हे उजवीकडे बघा. डोंगर झालाय नुसता. लाल दिसतंय."

"लाल होऊ दे."

"पण एवढं बारीक कशाला वाढवलंय? कान दुखतात."

"त्या रेघेला काय कळतंय? रेघेला कान हायत?" दौलत म्हणाला. "मी काय कालचा बसलोय?"

ऋतिका आईकडे बघायला लागली. रूपाने डोळ्यांनीच तिला गप्प केलं, आणि गप्प करताना तिला स्वतःचीच भीती वाटली. आता लेकीलाही ती यात ओढत होती.

पंढरीचा फोन आला तो त्याच आठवड्यात. दौलत फोन स्पीकरवरच घ्यायचा. "दौलतदादा, नवीन गाणं झकास हाय. पण वर लई टोचतंय रे. मांडवातल्या म्हाताऱ्या मला शिव्या घालून गेल्या. एक तर म्हणाली, 'मेल्या, हळद हाय का दाढ काढायची हाय?'"

"तुझे स्पीकर फाटलेत."

"माझे स्पीकर बाकीच्या गाण्यांना बरे फाटत न्हाईत?"

दौलतने फोन ठेवला. मग म्हणाला, "रूपा, आता एकच राहिलं. हेडफोन फोकट. मोठे मॉनिटर पायजेत, म्हणजे ते स्टुडिओतले स्पीकर. आपली उन्नतीची हळद हाय फेब्रुवारीत, तिचं गाणं त्यावरच करीन. आणि ते जमलं की सिराजशेठला सांगून टाकतो. लूम बास. चोवीस वर्षं झाली. अंजूरच्या घरात स्टुडिओ टाकू."

उन्नती ही त्याची भाची, बहिणीची मुलगी. तिच्या हळदीला मामाचं गाणं, हे ती शाळेत होती तेव्हापासून ठरलेलं.

रूपा कणीक मळत होती. तिचे हात थांबले. हा माणूस आता असलेली नोकरी सोडून ज्याच्यावर उभा राहणार होता, ती फळी आतून पोखरलेली होती, आणि घरात ते फक्त तिला ठाऊक होतं. आज बोलले नाही तर मी याला खड्ड्यात ढकलणारी, असं तिला वाटलं.

"अहो," ती म्हणाली.

"काय गो?"

"जेवून घ्या आधी."

तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

शुक्रवारी दुपारी स्पीकर आले. कारखाने बंद, गल्ली निवांत. अरशदने आठवड्यात परत करायच्या बोलीवर दिले होते. दौलतने ते टेबलाच्या दोन टोकांना मांडले, हाताने अंतर मोजलं, मधे खुर्ची ठेवली. भिंतीवर आधीच अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले होते. शाळेला सुट्टी होती म्हणून ऋतिका पलंगावर पुस्तक घेऊन बसली होती, रूपा तांदूळ निवडत उंबऱ्यात.

"आज दूध का दूध," दौलत म्हणाला. "या सॉफ्टवेअरमध्ये तपासायचं हाय. एकच सूर, खालपासून वरपर्यंत चढत जातो. स्पीकर कुठं दम तोडतो ते बरोबर कळतं."

सूर सुरू झाला. आधी जमिनीतून आल्यासारखा जाड, ताटलीतले तांदूळ थरथरले. पडद्यावर आकडा चढत होता, आवाज किती बारीक झालाय ते दाखवणारा. पाचशे. हजार. दोन हजार. दौलत डोळे मिटून ऐकत होता, कारखान्याच्या दारात उभा राहायचा तसा. तीन हजार. आता तो शिट्टीसारखा झाला. अजून वर.

दौलतने डोळे उघडले. "बंद पडला. बघ, फाटका माल दिला अरशदने."

सूर खोलीभर किंचाळत होता. बाहेर कुत्रं भुंकायला लागलं.

"इतक्या लवकर बंद? नवाकोरा स्पीकर?" म्हणत दौलत मागे वळला आणि त्याने पाहिलं. ऋतिका पुस्तक टाकून दोन्ही कानांत बोटं घालून बसली होती. रूपाच्या एका हातात ताटली होती आणि दुसरा हात कानावर होता. तिने तो घाईघाईने खाली घेतला. पण उशीर झाला होता.

त्या क्षणी त्याच्या तोंडावर जे आलं ते रूपाला पुढे कधी कुणाला सांगता आलं नाही. लहान मूल जत्रेत मागे वळतं आणि आई दिसत नाही, तसं काहीसं.

"वाजतंय?" त्याने विचारलं.

ऋतिकाने होकाराची मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, सुराने की कशाने कोण जाणे.

दौलतने सूर थांबवला. पुन्हा लावला. या वेळी तो पडद्याकडे बघत नव्हता, बायकोच्या तोंडाकडे बघत होता. "आता?"

"वाजतंय."

"आता?"

"वाजतंय हो. बंद करा ना."

त्याने एक स्पीकर बंद करून दुसरा लावला, मग पहिला. उठून कान स्पीकरच्या जाळीला लावला. डावा कान, मग उजवा. "आता?" दर वेळी आवाज थोडा लहान होत गेला. त्याचा, सुराचा नव्हे. शेवटी रूपाने उठून भिंतीवरचं बटण बंद केलं.

तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मग म्हणाला, "चार हजाराच्या वर काय न्हायच गो. नुसतं काळं."

पुढच्या आठवड्यात दोघं कल्याणला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. काचेच्या खोलीत बसवून, हातात बटण देऊन तपासणी झाली. ऐकू आलं की दाबायचं. काचेबाहेरून रूपा त्याचा अंगठा बघत होती. अंगठा बटणावर तयार, आणि हलत नाही. कितीतरी वेळ हलत नाही. तिने पदराआड हात जोडले आणि मग तिला कळलं की ती एवढंच म्हणते आहे, दाब, दाब, दाब.

डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. दोन रेघा, दोन्ही उजवीकडे घसरगुंडीसारख्या खाली. "गेलंय ते परत यायचं नाही," त्या म्हणाल्या. "राहिलंय ते राखायचं. लूमच्या आवाजात जाणं बंद करा. आणि हेडफोन मोठ्याने लावता ना? तेही तितकंच वाईट. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत गेलात, त्याने आणखी नुकसान झालं. कानाच्या मशीनचं नंतर बघू."

या वेळी कागदावरची रेघ खोटी, असं दौलत म्हणाला नाही.

कोनच्या नाक्यावर त्याने गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. मागे न वळता म्हणाला, "तुला ठाऊक होतं."

रूपा मागून काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल. मागून बोललीस तर मला कळत न्हाय."

ती उतरून त्याच्या समोर आली. "होतं."

"कधीपासून?"

"गेल्याच्या आधीच्या दिवाळीपासून. घंटी."

"वर्षभर. मी एकामागून एक हेडफोन घेत होतो, तू पिशवी घेऊन सोबत येत होतीस, बघत होतीस." त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तिला जास्त भीती वाटली. "रूपा, मला आप्पासारखं हसायचं न्हाय गो. मला लई भ्या वाटतंय."

अठरा वर्षांच्या संसारात तो शब्द तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मागून ट्रक जात होते. तिने त्याचा हात धरला आणि भर रस्त्यात धरूनच ठेवला.

शनिवारी तो सिराजशेठकडे गेला. रूपाही गेली. कारखान्याच्या बाहेरच्या खोलीत, दार लावून, दौलतने खाली मान घालून सगळं सांगितलं. कान गेलेत, जॉबरचं काम होणार नाही, दुसरं काही असेल तर द्या.

सिराजशेठ पुढे वाकले. हात कानामागे नेला. "क्या? जरा जोर से बोल रे दौलत."

दौलतने वर पाहिलं. मग त्याला हसू आलं आणि ते आवरेना. सिराजशेठही हसायला लागले, कशाला ते न कळताच. रूपा मात्र त्या दोन हसणाऱ्या माणसांवरून नजर काढून दाराकडे बघायला लागली. दाराच्या पलीकडे चोवीस लूम धडधडत होते आणि त्यांच्यापुढे विशी-पंचविशीची माणसं उघड्या कानांनी उभी होती.

शेवटी ओरडून सांगावं लागलं. सिराजशेठचं हसणं थांबलं. म्हणाले, "गोडाउनमध्ये ये. कापडाचे ताके तपासायला बस. डोळ्याचं काम हाय, तिथं आवाज नाही." जॉबरला ताके तपासायला बसवणं म्हणजे फौजदाराला हवालदार करणं. दौलतने हो म्हटलं. स्टुडिओचं नाव त्याने काढलं नाही.

स्पीकर परत गेले. हेडफोन कपाटावर गेले. राहिलं ते सॉफ्टवेअर, छोटा कीबोर्ड आणि टीव्हीजवळचे जुने लहान स्पीकर. तीन आठवडे दौलत लॅपटॉपजवळ फिरकला नाही. उन्नतीचा फोन यायचा, "मामा, गाणं?" तो म्हणायचा, "होतंय." रूपाला कळायचं, काही होत नाहीये. गोडाउनमधून येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, आणि ती स्वयंपाकघरातून उगाच पुन्हा पुन्हा डोकवायची.

हळदीला नऊ दिवस राहिले तेव्हा, शुक्रवारी दुपारी, त्याने लॅपटॉप उघडला. दुसरी खुर्ची ओढून आपल्या शेजारी ठेवली.

"बस."

"मी?"

"जाड आवाज मला कळतो. ठोका कळतो. चाल माझी हाय. वरचं तू सांग. टोचलं की टोचलं म्हण."

"ऋतिकाला बसवा. तिला ते रेघेचं कळतं. मला गाण्यातलं ओ का ठो..."

"ऋतिका शाळेत हाय. आणि मला तूच सांगायला पायजेस," दौलत म्हणाला. "वर्षभर गप्प बसलीस ना? आता बोलायचं."

ती बसली. आजवर ती एक गोष्ट लपवून भीत होती. आता गाण्यातला एकेक आवाज तिच्या शब्दावर उभा राहणार होता, आणि तिला त्यातलं काही येत नव्हतं. मांडवात चारशे माणसं असतील. गाणं बिघडलं तर हसं दौलतचं होईल.

गाणं सुरू झालं. ठोका खरोखर छान होता. मग वरून बेंजोसारखं काहीतरी आलं आणि तिच्या दाढा शिवशिवल्या.

"टोचतंय," ती पुटपुटली.

"माझ्याकडं बघून बोल."

"टोचतंय."

त्याने कमी केलं. परत लावलं. "आता?"

"अजून." परत. "अजून थोडं." परत. एकदा त्याने इतकं कमी केलं की गाणं मेल्यासारखं झालं. तिने तेही सांगितलं, "आता घोंगडी झाली बघा," आणि जीभ चावली. पण दौलत नुसता "हं" म्हणाला आणि थोडं वाढवलं.

असं दीड तास चाललं. तो दमला होता. कपाळावर घाम होता. काय कमी करतोय, काय वाढवतोय, ते त्याला स्वतःला ऐकू येत नव्हतं. अंधारात भिंत चाचपत चालावं तसा तो तिच्या शब्दांवर चालत होता. त्याने पुन्हा गाणं लावलं आणि शेवटपर्यंत वाजू दिलं.

"झालं?" त्याने विचारलं. डोळ्यांत अशी काही विनवणी होती की दगडसुद्धा हो म्हणाला असता.

गाणं चांगलं झालं होतं. कुणालाही आवडलं असतं. पण शेवटच्या कडव्यात, एकाच जागी, अजून एक बारीक काटा होता. लोक नाचण्यात असतील, कुणाच्या लक्षातही येणार नाही. हो म्हटलं असतं तर तो जेवला असता, झोपला असता. रूपाने ओठ मिटले. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"न्हाय," ती म्हणाली. "शेवटी एका ठिकाणी अजून टोचतंय."

दौलतने सुस्कारा सोडला, हात पुन्हा माउसवर ठेवला, आणि गाणं मागे नेऊन तिच्याकडे बघत बसला.